चुरमुरे गल्लीत तवा आला

आमचं घर भट्टीच्या पाठीला पाठ लावून होतं. त्यामुळे लातूरच्या थंडीत आमच्याकडे कुणाला गोधडी लागली नाही आणि उन्हाळ्यात कुणाला धड झोप लागली नाही. पहाटे भट्टीवरच्या मोठ्या कढईत काळी वाळू तापायची, तिच्यात मिठाच्या पाण्याचा हात लावलेले तांदूळ पडायचे आणि एका दमात सगळे फुलायचे. तो आवाज तडतडीचा नव्हता. शाळा सुटल्यावर पोरं जिना उतरतात तसा तो आवाज असायचा. मी त्या आवाजाला जागी व्हायचे. तोवर माझे वडील आंघोळ, लिंगपूजा उरकून, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढून दुकानाच्या फळ्या काढायला गेलेले असायचे. त्यांचं नाव विश्वनाथ, पण गल्ली त्यांना विश्वनाथअप्पा म्हणायची आणि आम्ही नुसतं अप्पा. दुकानात चुरमुरे, लाह्या, फुटाणे, डाळं आणि भाजके शेंगदाणे. आसपास अशीच पाच-सहा दुकानं होती, म्हणून तिला चुरमुरे गल्ली म्हणत. बाकी गल्लीत आलू-कांद्याचे ठोक व्यापारी, मिरची-मसाल्याचे, एक पाववाला आणि एक कापडाचं दुकान. आई दुकानात पुढे कधी बसली नाही. तिचा कारभार मागच्या दारानं चाले. दुपारी अप्पा जेवून आडवे झाले की मागच्या दाराशी येणाऱ्या बायकांना ती सूप-सूप माल द्यायची आणि सोबत अर्धा तास गप्पा द्यायची.

दुकानासमोर नागनाथकाकांचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे चार टेबलं, एक भट्टी, धुरानं काळी झालेली भिंत, मागे काकांची राहायची खोली आणि बाहेर एक बाकडं. काका आणि अप्पा एका वर्गात बसून एकाच मास्तरांचा मार खाल्लेले. रोज सकाळी अप्पा समोरून चुरमुऱ्याचं पोतं स्वतःच्या पाठीवर घेऊन रस्ता ओलांडायचे, तिथंच चहा घ्यायचे आणि मग गिऱ्हाइकाला तोंड दाखवायचे. काकांची सुशीला लातुरात नावाजलेली होती. चुरमुरे भिजवून घट्ट पिळायचे, कांदा-मिरचीच्या फोडणीत टाकायचे, वरून डाळ्याचं कूट, शेंगदाणे, लिंबू. सगळेच करतात. पण काका चुरमुरे पिळायचे ते असे, की दाणा ओलाही राहायचा नाही आणि मोडायचाही नाही. आमच्या घरी पाहुणे आले की आई स्वतः सुगरण असूनही मला म्हणायची, "नंदे, समोरून सुशीला आन. माझ्या हाताला ते येत न्हाई." संध्याकाळी काकांची मिरचीची भजी निघायची. बाजार उठायच्या वेळेला हमाल, वजन करणारे तोलारी, गावाकडची माणसं ती भजी खाऊन आपापल्या वाटेला लागायची. मग फळ्या लागायच्या आणि दिवेलागणीला आमची गल्ली अशी गप्प व्हायची, की गुळाच्या दुकानातला उंदीर ऐकू यावा.

मी अकरावीत गेले त्या सुमाराला लातूर शिकवण्यांनी भरायला लागलं होतं. निलंग्याची, उदगीरची, देगलूरची, पार नायगावकडची मुलं खोल्या घेऊन राहायची आणि सकाळ-संध्याकाळ वह्या छातीशी धरून पळायची. मीही त्यातलीच, फक्त माझी खोली भट्टीमागे होती. या मुलांना घर नव्हतं, भूक मात्र घरच्यासारखीच होती. कुणाच्या तरी हे लक्षात आलं आणि शाळेच्या मैदानाच्या कडेला एक गाडा लागला. महिन्याभरात पाच, दिवाळीपर्यंत वीस. भेळ, दाबेली, डोसा, लाल रंगाच्या शेवया घातलेलं काहीतरी चायनीज, आणि सगळ्यांच्या मधोमध एक प्रचंड तवा.

त्या तव्याची पहिली संध्याकाळ मला आजही जशीच्या तशी आठवते. शिकवणीतली माझी मैत्रीण शबाना आणि मी निघालो होतो. आधी आवाज आला. दोन उलथनी तव्यावर आपटत होती, ठक-ठक, ठका-ठक, लेझमाच्या ठेक्यासारखी. मग वास आला. लोण्याचा, लसणाचा आणि भाजलेल्या पावाचा, तिन्ही एकदम. शबाना म्हणाली, "या अल्ला, नंदा, पोट बोलायलंय माझं." तव्यामागे बाई उभी होती. हे तर आम्ही कधी पाहिलंच नव्हतं. पदर कमरेला खोचलेला, केस घट्ट बांधलेले, कपाळावर घाम, आणि हात असे चालत होते की नजर ठरेना. त्यांनी आमच्याकडे बघितलं आणि विचारलं, "दोघीत एक का दोन?" आम्ही पावभाजीची एकच बशी घेतली. पहिला घास तोंडात गेला आणि मी चक्क उभ्याजागी उडी मारली. शबाना हसून हसून ठसकली. आमच्या घरी आलू म्हणजे आलूची भाजी. आलूचं असंही काही होऊ शकतं, हे मला सोळा वर्षं कुणी सांगितलंच नव्हतं.

त्या बाई म्हणजे वंदनाताई. नवरा पाटबंधारे खात्यात शिपाई, घर रेल्वे रुळापलीकडच्या बौद्ध वस्तीत. कल्याणला भावाकडे दोन वर्षं राहून त्या हे सगळं शिकून आल्या होत्या. आठवडाभरात त्या मला नावानं हाक मारायला लागल्या आणि गाड्यावरची दरांची पाटी त्यांनी माझ्याकडूनच लिहून घेतली. मी त्यांना सांगितलं की माझ्या वडिलांचं चुरमुऱ्याचं दुकान आहे. त्या म्हणाल्या, "मग तर आपण सोयरे हाव. समद्या भेळवाल्यांचा माल तुझ्या आईकडून येतो की, मागच्या दारानं!"

आईनं मला हे सांगितलं नव्हतं. आणि अप्पांनी आईला विचारलं नव्हतं. मागची पोती कुठं संपतात, भट्टी दुपारीसुद्धा का चालवावी लागते, हे दुकानदाराला कळत नाही असं होत नाही. अप्पांना कळत होतं. पण त्याच वेळी त्यांना समोरचंही दिसत होतं. काकांच्या परातीत संध्याकाळची भजी उरायला लागली होती. हमाल खायचे, पण त्यांची पोरं मैदानाकडे जायची. सुशीला सकाळी अर्धी जायची. काका तोंडानं काही बोलायचे नाहीत. उरलेली भजी फडक्यात बांधून आमच्याकडे पाठवायचे, आणि अप्पा ती जेवताना मुकाट्यानं खायचे. एकदा आई म्हणाली, "आपलं तर बरं चालायलंय की हो." अप्पांनी ताटावरून मान वर केली नाही. म्हणाले, "नागनाथच्या परातीतलं आपल्या पोत्यात पडायलंय. मला ते गोड लागंना." काकांनी त्यांना खासगीत सांगितलं होतं की संक्रांत झाली की हॉटेल बंद करणार, मुलीकडे औशाला जाऊन राहणार.

आता मी नांदेडजवळ विष्णुपुरीला राहते. इंजिनिअरिंग कॉलेजच्या रस्त्याला गेल्या वर्षी रंगीत दिव्यांच्या खाण्याच्या गाड्यांची अख्खी रांग लागली. मोमो, वॅफल, कुल्हड पिझ्झा, आणि प्रत्येक गाडीसमोर मोबाइल उंच धरून उभी असलेली मुलं. माझा नातू मला तिथं घेऊन गेला तेव्हा त्याला वाटलं, आजी नाक मुरडेल. मी दोन प्लेट खाल्ल्या. तो बघतच राहिला. त्याला काय माहीत, असल्या रांगेत माझं तारुण्य उभं होतं.

तर गल्लीतल्या व्यापाऱ्यांनी ठरवलं की गाडे उठवायचे. नगरपालिकेला अर्ज द्यायचा. अर्ज लिहिणार कोण? माझं अक्षर शाळेत पहिलं होतं. एका रविवारी दुपारी आमच्याच दुकानात दहा-बारा जण बसले, आईनं आतून सरबत पाठवलं आणि अप्पांनी माझ्या हातात आखीव कागद दिला. कापडवाले सांगत गेले, मी लिहीत गेले. सदर गाड्यांमुळे वाहतुकीस अडथळा होतो. सदर खाद्यपदार्थ अस्वच्छ असतात. मी थांबले. "अप्पा, अस्वच्छ लिहू? त्या पाणी उकळून घेतात. मी बघितलंय." अप्पांना एकाच वाक्यात दोन गोष्टी कळल्या होत्या: गाडे स्वच्छ आहेत आणि आपली पोरगी तिथं खाते. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "सांगितलंय तेवढं लिही." मी लिहिलं. अस्वच्छ. जोडाक्षर सुद्धा सुरेख आलं. काका कोपऱ्यात बसले होते. त्यांनी सगळ्यांच्या शेवटी सही केली, आणि पेन परत देताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला तो हात नको वाटला.

पंधरा दिवसांनी भर दुपारी पालिकेची माणसं मैदानावर आली. मोडतोड झाली नाही, आरडाओरडा झाला नाही. उद्यापासून इथं दिसू नका, एवढंच. मी शिकवणीहून येत होते. वंदनाताई उकडलेल्या आलूची पाटी डोक्यावर घेऊन घराकडे निघाल्या होत्या. मला बघून त्या थांबल्या नाहीत, हसल्या मात्र. त्या हसण्यानं मला अख्खी रात्र छळलं.

गल्लीला वाटलं, जिंकलो. दुसऱ्या दिवशी काकांनी संध्याकाळच्या भज्यांचं पीठ नेहमीपेक्षा जास्त भिजवलं, टेबलं पुसली, दारात पाण्याचा सडा मारला. "पोरं येतील आता," ते अप्पांना म्हणाले. दोन पोरं आली. एकानं पत्ता विचारला. त्याच्या पुढच्या दिवशीही तसंच. बाकीची मुलं खोल्यांवर खिचडी शिजवून खायला लागली, नाहीतर उपाशीच अभ्यास करायला लागली. इकडे आलूच्या व्यापाऱ्याकडे चाळून बाजूला पडलेला माल कुजायला लागला, कारण तो बारका आलू गाडेवालेच उचलायचे. पाववाल्यानं एक भट्टी विझवली. आमची भट्टी दुपारी बंद झाली आणि घर पहिल्यांदाच दुपारी झोपण्याजोगं झालं, पण झोपावंसं कुणालाच वाटेना. आठ-दहा दिवसांनी काका रस्ता ओलांडून आमच्या दुकानात आले. ते कधी येत नसत, अप्पाच जात. फळीवर बसले आणि म्हणाले, "विश्वनाथ, गाडे न्हाईत, तरी पोरं न्हाईत. म्हंजे गाड्यांनी माझी पोरं नेली नव्हती. ती माझी नव्हतीच."

मी आत दाराआड उभी होते. हे ऐकलं आणि चपला घातल्या. आईनं विचारलं, "कुठं निघालीस?" मी खरं सांगितलं. मला वाटलं, अडवेल. तिनं सुपात शेंगदाणे घेतले, पुडी बांधली आणि म्हणाली, "मोकळ्या हातानं जाऊ नको."

रुळापलीकडे मी पहिल्यांदाच जात होते. वंदनाताईंचं घर दोन खोल्यांचं, शेणानं सारवलेल्या अंगणाचं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली तो प्रचंड तवा भिंतीला टेकून उभा, घासून लख्ख केलेला. मी पुडी दिली आणि लगेच बोलून टाकलं, "ताई, तो अर्ज मी लिहिलाय."

"ठाऊक हाय," त्या म्हणाल्या. "पालिकेत मला दाखवला की. खालच्या सह्या वाचल्या आन् वरचं अक्षर बघितलं. म्हणलं, हे काय व्यापाऱ्याचं अक्षर न्हाई, ही आपली नंदा हाय." मी रडायला लागले. त्यांनी मला रडू दिलं, पाणी दिलं, आणि मग ज्या सुरात त्या पाव भाजायच्या त्याच सुरात म्हणाल्या, "रडून झालं असंल तर आता माझा अर्ज लिही."

"काय लिहू?"

"आम्हाला जागा द्या म्हणावं. मैदान न्हाई. तुमची गल्ली."

मी हुंदका अर्धाच गिळला. "आमची गल्ली? चुरमुरे गल्ली?"

"हाव. सांजच्याला तुमची दुकानं बंद व्हतात, गल्लीत कुत्री निजत्यात. आम्ही सांजच्यालाच तर येतो. माल तिथलाच, मग तिथंच शिजवू की." त्यांनी माझ्या हातातला रिकामा पेला घेतला. "आजून एक सांगते. माझा बाप हमाल व्हता, तुमच्याच गल्लीत. वीस वर्षं त्यानं नागनाथच्या हॉटेलात चहा प्याला. बाहेरच्या बाकड्यावर. आत येऊ नको असं नागनाथ कधी म्हणला न्हाई. आत ये असंबी कधी म्हणला न्हाई. म्हणून मला तीच गल्ली पाहिजे."

त्या बाकड्याला वळसा घालून मी रोज शाळेत जायचे. तिथं कोण बसतं आणि आत कोण बसतं, हे मी सोळा वर्षं बघितलं होतं आणि एकदाही बघितलं नव्हतं. मी अर्ज लिहिला. त्या दिवशी माझं अक्षर वाकडंतिकडं आलं, पण एकही शब्द मला कुणी सांगावा लागला नाही.

अर्ज पालिकेला जायच्या आधी गल्लीनं ऐकावा असं मला वाटत होतं, आणि ते अप्पांना सांगायचं धाडस मी कुठून आणलं देव जाणे. मी तो कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी दोनदा वाचला. चष्मा काढला. "हे नागनाथनं ठरवायचं," म्हणाले, आणि रस्ता ओलांडून गेले. परत आले ते एवढंच सांगायला, "सोमवारी दुपारी ये म्हण त्या बाईला. येताना जिन्नस घेऊन."

सोमवारी आमचा बाजार बंद असायचा. सगळे व्यापारी काकांच्या हॉटेलात जमले होते, आणि मीही अप्पांच्या मागे भिंतीला टेकून उभी होते. वंदनाताई आल्या. मागे त्यांचा नवरा आणि दीर, दोघांनी मिळून तवा धरलेला. दाराशी त्या थांबल्या. बाकड्याच्या अगदी शेजारी. आत बारा माणसं होती. काका भट्टीशी उभे होते. त्यांनी खांद्यावरच्या पंच्यानं हात पुसले. बराच वेळ पुसले. मग म्हणाले, "आत ये, बाई. तुझ्या बापाला म्हणायचं राहून गेलं."

वंदनाताई आत आल्या. काकांनी स्वतः बाजूला सरकून भट्टी मोकळी केली. दोन व्यापारी उठले, घरी पाहुणे आलेत म्हणाले आणि निघून गेले. कुणी त्यांना थांबवलं नाही. तव्यावर लोणी पडलं, कांदा पडला, टमाटे पडले, आणि मग तो ठेका सुरू झाला, ठक-ठक, ठका-ठक. बंद बाजारात तो आवाज असा घुमला की वरच्या माड्यांच्या खिडक्या पटापट उघडल्या. बायका डोकावल्या. समोर आमच्या दारात आई येऊन उभी राहिली. पहिली बशी ताईंनी काकांपुढे ठेवली. काकांनी पाव मोडला, भाजीत बुडवला, तोंडात घातला आणि डोळे मिटून चावत राहिले.

"लोणी लई हाय," काका म्हणाले. "आन् मिरची न्हाईच. हे पोरासोरांचं खाणं."

"मग तुमची मिरची माझ्या शेजारी लावा," वंदनाताई लगेच म्हणाल्या. "माझं खाऊन ज्याचं तोंड गुळमट व्हईल, तो तुमच्याकडं येईल."

मग आलूचे व्यापारी असे खदाखदा हसले की त्यांची टोपी पडली. काकाही हसले. त्यांनी दुसरा घास घेतला, आणि हे मी नीट बघितलं, तिसराही. मग बशी अप्पांकडे सरकवली. अप्पांनी आयुष्यात बाहेरचं म्हणून फक्त काकांच्या हातचं खाल्लेलं. त्यांनी ती बशी पुसून खाल्ली, हात धुतले आणि माझ्या वाकड्यातिकड्या अर्जाखाली पहिली सही केली.

पालिकेनं फिरवा-फिरवी केली, पण या खेपेला गल्लीच मागे लागली होती, म्हणून फार दिवस लागले नाहीत. पहिली संध्याकाळ ठरली. दिवस उतरायला लागला तसे गाडे एकामागून एक आत शिरले. आमच्या दुकानातून वायर ओढून अप्पांनी बल्बांची माळ लावली. गल्लीत संध्याकाळी एवढा उजेड मी फक्त लग्नात बघितला होता. काकांनी कढई दाराबाहेर आणली. शेजारी वंदनाताईंचा तवा. शबाना तिच्या सगळ्या भावंडांना घेऊन आली. शिकवण्या सुटल्या आणि पोरांचा लोंढा आला, निलंग्याची, देगलूरची, सगळी. पावभाजी खाऊन हा-हू न करणारी पोरं काकांच्या मिरचीला मात्र नाचायला लागली, आणि नाचत-नाचत पुन्हा मागायला लागली. कुणीतरी विचारलं, "काका, सुशीला संध्याकाळी न्हाई का?" काका गोंधळले. संध्याकाळी सुशीला कोण खातं? त्यांनी केली. तासाभरात संपली. पुन्हा केली, पुन्हा संपली. "विश्वनाथ, चुरमुरे!" ते रस्त्यापलीकडून ओरडले. आमच्याकडचेही भेळवाल्यांनी नेलेले. अप्पांनी धोतराचा काचा मारला, स्वतः भट्टी पेटवली, आणि भर रात्री आमच्या घरामागे तांदूळ फुटायला लागले. दुकानात गिऱ्हाइकाला कोण बघणार? आई पुढे आली, अप्पांच्या गादीवर बसली आणि मापानं माल द्यायला लागली. बायका तिला तिथं बघून गर्दी करायला लागल्या. मी पोतं ओढत होते, पाणी देत होते, तवा बघत होते, कढई बघत होते. मला एकाच वेळी चार ठिकाणी उभं राहायचं होतं. तेवढा आनंद मला बारावीच्या निकालातही झाला नाही, आणि माझा निकाल चांगला लागला होता.

आता मला कुणी विचारतं. विष्णुपुरीच्या आठवडी बाजारातल्या बायका मला ओळखतात, त्या विचारतात, मावशी, ह्या नव्या गाड्या आमचा बाजार खातील का हो? मी त्यांना खोटा धीर देत नाही. चुरमुरे गल्लीतसुद्धा सगळ्यांचं भलं झालं नाही. कापडवाल्यांच्या ठाणांना लोण्याचा वास लागायला लागला, ते दोन वर्षांत दुसरीकडे गेले. जाताना आमच्याशी बोलले नाहीत, आणि मला त्यांचं चुकलं असं वाटत नाही. ते दोन उठून गेलेले व्यापारी अखेरपर्यंत संध्याकाळी फळ्या लावून मागच्या वाटेनं घरी जायचे. पुढे पुढे पायी येणाऱ्या मुलांच्या जागी मोटारसायकलींची गर्दी व्हायला लागली. मी त्या बायकांना एवढंच सांगते, गाडीवाला आलू कुणाकडून घेतो ते आधी बघा. तुमच्याकडून घेत असेल तर त्याला शेजारी बसवा. घेत नसेल तर जाऊन विचारा, का घेत नाहीस. अर्ज लिहायच्या आधी विचारा.

पण त्या पहिल्या संध्याकाळनंतरची सकाळ सांगायची राहिली. सकाळी अप्पा नेहमीसारखं पोतं पाठीवर घेऊन रस्त्यात उतरले आणि थबकले. हॉटेल बंद होतं. तीस वर्षांत काकांच्या फळ्या उजाडल्यावर बंद दिसल्या नव्हत्या, काकी गेल्या त्या आठवड्यातही नाही. अप्पांनी पोतं तिथंच टाकलं आणि दार बडवायला सुरुवात केली. "नागनाथ! ए नागनाथ!" आलूवाले पळत आले, हमाल जमले, आई पदर सावरत आली. कुणीतरी पहार आणायला धावलं. तेवढ्यात आतून कडी वाजली. दार उघडलं. काका उभे होते, केस विस्कटलेले, गालावर घोंगडीची नक्षी उठलेली, डोळे अर्धे मिटलेले.

"काय झालं?" काकांनी विचारलं.

"काय झालं?" अप्पांचा आवाज चिरकला. "उठला का न्हाईस?"

"झोप लागली," काका म्हणाले, जणू त्यांनाच त्याचं नवल वाटत होतं. "लई वर्षांनी लागली रे. पाय भरून आलेत, हात वर होईना. मी पडतो आजून घडीभर. चहा तूच कर आज." आणि ते खरोखरच आत जाऊन पुन्हा झोपले.

अप्पांनी जन्मात चहा केला नव्हता. ते भट्टीसमोर उभे राहिले, आईकडे बघितलं. आई हसू दाबत भिंतीकडे बघत होती, तिनं अजिबात मदत केली नाही. मग विश्वनाथअप्पांनी भट्टी पेटवली, पातेल्यात अंदाजानं दूध ओतलं, अंदाजानं साखर, आणि चहापत्तीची मात्र सढळ मूठ. तो चहा शाईसारखा काळा झाला. बाहेर हमाल, व्यापारी, पाववाला, मी, सगळे उभे. अप्पांनी प्रत्येकाला आत बोलावलं, प्रत्येकाच्या हातात पेला दिला आणि प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत राहिले. आम्ही सगळ्यांनी तो तोंड वाकडं न करता संपवला.

"कसा झाला?" अप्पांनी विचारलं.

"लई चांगला," सगळे एका सुरात म्हणाले, आणि आतल्या खोलीतून काकांच्या घोरण्याचा आवाज आला.